पोटावरील पिशवी : माप नेमके, तर मन निश्चिंत

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला पडलेला पीळ, क्षयाने वा अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या दीर्घ दाहाने निकामी झालेला आतड्याचा भाग, अपघातातील जखम, अशा अनेक कारणांनी शल्यचिकित्सकाला आतड्याचे तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर काढावे लागते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मल तेथून बाहेर येतो आणि पोटावर चिकटवलेल्या पिशवीत साठतो. काहींच्या बाबतीत ही व्यवस्था काही महिन्यांपुरती असते, काहींच्या बाबतीत आयुष्यभराची. दोन्ही परिस्थितींत ती प्राण वाचवणारी व्यवस्था आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

रुग्णालयात सर्व काही हाताशी असते. घरी सोडण्याच्या दिवशी परिचारिका एकदा पिशवी बदलून दाखवते, चिठ्ठीवर वस्तूचे नाव लिहून देते आणि रुग्ण घरी येतो. खरा प्रश्न तेथून सुरू होतो. कोल्हापूरहून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या कागलसारख्या गावात घराखाली दुकान, दुकानात ओळखीची गिऱ्हाइके, शेजारी नातलगांची घरे, अशी आपल्या समाजाची वस्ती. तेथे पिशवी एकदा गळली, धोतराला वा साडीला डाग पडला, की माणूस पेढीवर बसणे सोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो आणि अखेरीस मंदिराची पायरीही चढेनासा होतो. आजार बरा झालेला असतो, पण माणूस घरातल्या घरात हद्दपार होतो. यामागील कारण पुष्कळदा अगदी साधे असते : पिशवी नीट बसलेली नसते. आणि ती नीट बसवणे ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे.

तीन प्रकार, तीन गरजा

मोठ्या आतड्याचे तोंड बाहेर काढले असेल तर त्यास कोलोस्टोमी म्हणतात. ती बहुधा पोटाच्या डाव्या बाजूस असते आणि मल बराचसा घट्ट असतो. लहान आतड्याचे तोंड बाहेर काढले असेल तर ती इलिओस्टोमी. ती बहुधा उजव्या बाजूस असते, मल पातळ असतो, दिवसभर येत राहतो आणि त्यात पाचकरस असतात. हे रस त्वचेवर राहिले तर अन्नाप्रमाणे त्वचाही जाळतात. मूत्राशय काढावे लागल्यास लघवीसाठी जो मार्ग करतात ती युरोस्टोमी.

पिशवीची निवड या भेदावरून ठरते. इलिओस्टोमीला खालून उघडून रिकामी करता येणारी पिशवी हवी. युरोस्टोमीच्या पिशवीला खाली तोटी असते आणि लघवी मागे परतू नये म्हणून आत झडप असते. कोलोस्टोमी असलेल्यास खालून उघडणारी वा बंद तोंडाची, कोणतीही पिशवी चालू शकते. औषधाच्या दुकानात नुसते “पोटावरची पिशवी द्या” असे म्हटले तर चुकीची वस्तू पदरात पडण्याचा संभव असतो. म्हणून स्टोमाचा प्रकार, त्याचे माप आणि सध्याच्या पिशवीवरील क्रमांक ही तीन टिपणे नेहमी खिशात असावीत.

मापाची गोष्ट

कापडाच्या पेढीवर आयुष्य गेलेल्या माणसाला माप चुकले की काय होते हे सांगावे लागत नाही. स्टोमाच्या बाबतीतही सारे मापावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियेनंतर स्टोमाला सूज असते. ती पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू उतरते आणि स्टोमा लहान होतो. रुग्णालयात घेतलेले माप तिसऱ्या महिन्यातही तसेच चालू ठेवणे ही घरोघरी होणारी चूक होय. या काळात आठवड्यातून एकदा तरी माप पुन्हा घ्यावे. पुढेही वजन वाढले वा घटले, औषधोपचाराने शरीर खालावले, पोटावर फुगवटा दिसू लागला, तर माप बदलते.

माप घेण्यासाठी पिशव्यांच्या खोक्यात वेगवेगळ्या आकाराची छिद्रे असलेली कागदी मोजपट्टी बहुधा मिळते. जे छिद्र स्टोमाभोवती सहज बसेल आणि कडेला अगदी थोडी त्वचा दिसेल, तो आकार घ्यावा. त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचे छिद्र स्टोमाहून सुमारे दोन ते तीन मिलिमीटर मोठे असावे. दुकानदार या चकतीला फ्लँज, वेफर किंवा बेसप्लेट म्हणतो. छिद्र फार मोठे झाले तर उघड्या त्वचेवर मल साचतो आणि त्वचा सोलवटते. फार लहान झाले तर स्टोमा कापला जातो. स्टोमा वाटोळा नसून लांबट असेल तर कागदावर त्याचा आकार काढून घ्यावा, तो चकतीच्या मागील कागदावर उतरवावा आणि लहान वाकड्या कात्रीने कापावा. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून ती गुळगुळीत करावी.

येथे एक गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असावी. स्टोमा लालसर व ओलसर असतो आणि पुसताना त्यातून क्वचित रक्ताचा टिपूस येतो. यात भिण्यासारखे काही नाही. स्टोमाला वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे चकतीची कड त्याला कापत असली तरी रुग्णाला ते कळत नाही, ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

लावण्याची रीत

पिशवी बदलण्यास सकाळची, काही खाण्यापूर्वीची वेळ उत्तम. त्या वेळी आतडे शांत असते. नवकारशी पाळणाऱ्या घरांत सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तोंडात काही जात नाही. ही वेळ या कामासाठी जणू राखून ठेवल्यासारखीच आहे.

प्रथम सर्व साहित्य मांडून घ्यावे : नवी चकती व पिशवी, कात्री, मोजपट्टी, कोमट पाणी, मऊ सुती कापडाचे तुकडे आणि जुनी पिशवी गुंडाळण्यास वर्तमानपत्र. जुनी चकती ओढून काढू नये. एका हाताने त्वचा दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने चकती वरून खाली सावकाश सोडवावी. मग त्वचा साध्या कोमट पाण्याने पुसावी. डेटॉल, स्पिरिट, सुवासिक साबण यांची आवश्यकता नाही. आपल्या घरांत त्वचा लाल दिसली की खोबरेल तेल किंवा तूप लावण्याची सवय आहे. या ठिकाणी ती कटाक्षाने टाळावी. तेलाचा अंश राहिला तर चकती काही तासांतच सुटते, आणि मग त्वचा लाल होण्याचे मूळ कारण, म्हणजे गळती, अधिकच वाढते. केस असल्यास जपून कातरावेत. त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यावी. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा कोरड्या कापडाने टिपून काही मिनिटे थांबावे.

नंतर चकतीमागील कागद काढून ती खालच्या कडेपासून वर अशी बसवावी. प्रथम स्टोमाच्या लगतची बाजू बोटाने दाबावी, मग बाहेरची. त्यानंतर तळहात एक-दोन मिनिटे तिच्यावर ठेवावा. हाताच्या उबेने चकतीतील चिकट द्रव्य मऊ होऊन त्वचेच्या बारीक रेषांत शिरते. ही दोन मिनिटे वाचवणाऱ्याला पुढे दोन दिवस गमवावे लागतात. पोटावर खाच किंवा जुन्या टाक्यांची वळी असेल तर ती भरण्यासाठी स्टोमा पेस्ट वा लवचीक कडे मिळते. पेस्ट ही फटी बुजवण्यासाठी असते. ती जाड थापली तर पकड उलट सैल होते.

पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करावी. पूर्ण भरू दिली तर तिचे वजनच चकती ओढून काढते. चकती सामान्यतः तीन-चार दिवस टिकते. मात्र दिवस पुरे झाले नाहीत म्हणून गळकी चकती ठेवू नये. कडेला खाज वा आग जाणवली की मल आत शिरू लागला असे समजून ती तत्काळ बदलावी. वरून चिकटपट्ट्या लावून गळती थोपवणे म्हणजे जळणाऱ्या त्वचेवर झाकण घालणे होय. नीट बसलेल्या पिशवीतून वासही येत नाही. वास आला तर अत्तर न शोधता गळती शोधावी.

निवड आणि हिशेब

पिशव्या दोन जातींच्या. एका भागाच्या पिशवीत चकती व पिशवी जोडलेलीच असते. ती पातळ असते, कपड्याखाली दिसत नाही, लावण्यास सोपी असते, पण बदलताना सगळीच काढावी लागते. दोन भागांच्या पिशवीत चकती पोटावर राहते आणि पिशवी तिच्या कड्यावरून काढता-घालता येते. त्वचा नाजूक असेल तर हा प्रकार सोयीचा. मात्र हातात बारीक काम करण्याचे बळ नसेल तर कडे नीट बसले की नाही हे कळणे अवघड जाते. वृद्धाच्या बोटांकडे पाहूनच ही निवड करावी.

दोन भागांची वस्तू घेताना चकती व पिशवी एकाच कंपनीची आणि एकाच मापाच्या कड्याची घ्यावी. आकडा सारखा दिसला तरी एका कंपनीची पिशवी दुसऱ्या कंपनीच्या कड्यावर घट्ट बसेलच असे नाही. स्टोमा त्वचेच्या पातळीत वा खोल गेलेला असेल तर सपाट चकतीखालून मल झिरपतो. त्यासाठी आतून फुगीर असलेली कॉन्व्हेक्स चकती आणि कमरेचा पट्टा मिळतो. परंतु फुगीर चकती त्वचेवर दाब देते, म्हणून ती डॉक्टर किंवा स्टोमा परिचारिकेच्या सल्ल्याविना घेऊ नये.

व्यापारी घरात किमतीचा विचार होणे स्वाभाविक आहे. मात्र हिशेब नगावर न करता दिवसावर करावा. समजा, एक चकती दोनशे रुपयांची आहे आणि ती दोन दिवस टिकते. दुसरी तीनशेची आहे आणि चार दिवस टिकते. पहिलीचा रोजचा खर्च शंभर रुपये, दुसरीचा पंचाहत्तर. शिवाय त्वचेवर औषध लावण्याचा आणि कपडे खराब होण्याचा खर्च वेगळाच. यासाठी एक छोटी वही घालावी. तीत तारीख, चकतीचे नाव व माप, किती दिवस टिकली, कोणत्या बाजूने गळली, त्या दिवशी काय खाणे-पिणे झाले, एवढेच लिहावे. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या की गळती नेहमी एकाच बाजूने होते असे बहुधा आढळते. तेथे पोटाला घडी असते, आणि उपायही तेथेच करावा लागतो. ही वही डॉक्टरांना दाखवली तर त्यांचाही अर्धा वेळ वाचतो.

नवा प्रकार घेताना प्रथम दोन-चार नग घेऊन पाहावेत. स्वस्त पडते म्हणून वर्षाचा साठा एकदम करू नये, कारण माप बदलू शकते आणि वस्तूंवर मुदतीची तारीखही असते. त्याचबरोबर साठा अगदी संपेपर्यंत थांबूही नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता आणि जुलै २०२१ मध्ये तोच प्रसंग पुन्हा आला. पुण्या-मुंबईहून येणारा माल अशा वेळी पलीकडेच थांबतो. म्हणून कागलसारख्या ठिकाणी पावसाळ्यापूर्वी किमान महिन्याभराचा साठा घरात असावा. तो कपाटात, थंड व कोरड्या जागी ठेवावा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवलेली चकती वितळून निरुपयोगी होते. प्रवासात दोन संच पिशवीसह हातातील थैलीत असावेत.

चकतीत काय असते?

आपल्या समाजातील वाचकांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो संकोचाने विचारला जात नाही. आजच्या पिशवीचा आरंभ डेन्मार्कमध्ये झाला. एलिझ सोरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीवर स्टोमाची शस्त्रक्रिया झाली होती आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. तिच्यासाठी एलिझ यांनी १९५४ मध्ये पोटाला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली. त्याच दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची त्वचा जपण्यासाठी कराया डिंकाचा वापर सुरू केला. हा डिंक भारतातील कांडोळ वृक्षाचा. पांढऱ्या खोडाचा हा वृक्ष महाराष्ट्रातील डोंगराळ, कोरड्या रानांतही आढळतो. आपल्याकडील बाजारातून गेलेल्या डिंकाने सातासमुद्रापलीकडील रुग्णांची त्वचा वाचवली, ही गोष्ट व्यापारी समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

पुढे डिंकाची जागा अधिक टिकाऊ मिश्रणांनी घेतली. त्यांना हायड्रोकोलॉइड म्हणतात. त्यांत फळांपासून मिळणारे पेक्टिन, वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेले द्रव्य आणि कृत्रिम रबरासारखे चिकट पदार्थ असतात. अनेक मिश्रणांत जिलेटिनही असते, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून तयार होते. सर्वच चकत्यांत ते असते असे नाही. ज्यांना ते टाळावयाचे आहे त्यांनी विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न थांबता कंपनीच्या ग्राहक सेवेकडे वस्तूचा क्रमांक कळवून घटक लेखी मागवावेत. जिलेटिनविरहित चकती मिळाली तर तिची आपल्या त्वचेवर परीक्षा घ्यावी. ती टिकत नसेल आणि त्वचा जळत असेल, तर काय करावे हे डॉक्टर आणि आपले गुरू यांना विचारून ठरवावे. रुग्णाला न सांगता घरच्यांनी परस्पर निर्णय घेणे, अथवा संशयापोटी पिशवीच न लावणे, हे दोन्ही मार्ग अहिताचे.

गादी, धोतर आणि उपवास

शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर स्टोमाची जागा आधी पोटावर खुणेने निश्चित करता येते. ही खूण रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकवून करावी लागते. त्या वेळी घरच्यांनी आवर्जून सांगावे की रुग्ण दिवसभर गादीवर मांडी घालून बसतो, पूजेस धोतर नेसतो, किंवा साडीच्या परकराची गाठ अमुक ठिकाणी येते. गाठीखाली वा पोटाच्या घडीत स्टोमा आला तर कोणतीही पिशवी नीट बसत नाही. शस्त्रक्रिया होऊन गेली असल्यास गाठ थोडी वर वा खाली घ्यावी. चकती लावल्यावर मांडी घालून बसून आणि वंदनासाठी वाकून तिची कड उचलते का ते पाहावे. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसता आले आणि कड जागची हलली नाही, तर पिशवी नीट बसली असे समजण्यास हरकत नाही.

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम येथे उपकारक ठरतो. रात्री पोटात नवे अन्न नसल्याने पिशवी कमी भरते आणि झोप लागते. मात्र इलिओस्टोमी असलेल्यांच्या शरीरातून पाणी व क्षार सतत बाहेर जातात. त्यांनी चौविहार, निर्जल उपवास किंवा पर्युषणातील दीर्घ तप डॉक्टरांना विचारल्याविना करू नये. तोंडाला कोरड, लघवी कमी होणे, चक्कर ही शरीर आटत चालल्याची चिन्हे आहेत. स्टोमाचा रंग जांभळा वा काळा होणे, रक्त न थांबणे, अथवा काही तास काहीही बाहेर न येता पोटात कळा व उलट्या होणे, यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

मदत मागण्यासही जागा आहेत. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमाची विशेष सेवा आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत काम करते. क्लीव्हलँडच्या डॉ. टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या आपल्याच एका रुग्णाला इतरांना शिकवण्यासाठी नेमले होते. ज्याने स्वतः हे निभावले तो दोन वाक्यांत जे सांगतो, ते पुस्तकांतून उमगत नाही. आपल्या गावात असा कोणी असेल तर त्याने आपला अनुभव नव्या रुग्णापासून लपवू नये.

घरच्यांचे काम

जिनप्रतिमेच्या स्पर्शपूजेविषयी मनात शंका असेल तर ती गुरूंना स्पष्टपणे विचारावी. न विचारता मंदिरच सोडणे हा स्वतःवरील अन्याय आहे. बारा भावनांमध्ये अशुची भावना सांगितली आहे. ती प्रत्येक देहाविषयी आहे, पिशवी लावलेल्या देहापुरती नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा, म्हणजे रुग्ण देहाची किळस न वाटणे, हे एक अंग आहे आणि उद्दायन राजाचे उदाहरण त्यासाठीच दिले जाते. नंदिषेण मुनींनी रुग्ण साधूला खांद्यावर वाहून नेले. वाटेत त्याच्या मलाने अंग भरले तरी त्यांच्या मनात तिरस्कार आला नाही. ही कथा आपण प्रवचनात भक्तिभावाने ऐकतो. आतल्या खोलीत वडील एकटेच आरशासमोर पिशवीशी झगडत असतील, तर ती कथा घरात आलेली नाही असेच म्हणावे लागेल.

वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप मानले आहे. या घरांत त्याचे रूप अगदी साधे आहे : आठवड्यातून एकदा माप घेण्यास हात देणे, वहीत नोंद करणे, साठा संपण्यापूर्वी आणून ठेवणे, जुनी पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणे आणि चेहऱ्यावर आठी येऊ न देणे. पत्नी, मुलगा, सून यांपैकी निदान एकाने पिशवी बदलण्यास शिकावे. माप जुळले की गळती थांबते, गळती थांबली की भीती जाते, आणि भीती गेली की माणूस पुन्हा पेढीवर, पंक्तीत आणि मंदिरात आपल्या जागी येऊन बसतो.